हेळव्याच्या वहीतलं आमचं पान

मला माझ्या चुलत बहिणीचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोध लावल्यासारखं सांगायला नको. ती रेडमंडला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिच्या वडिलांचं पार्सिपनीला मोठं घर आहे, तिचे दात सरळ आहेत. दातांचं मला थोडं लागतं. बाकीचं चालतं. माझी खरी जळजळ एका सरदारावरून आहे, आणि तो मरून पाचशे वर्षं झालीत.

बहामनी अमलात त्याच्याकडे कृष्णाकाठची काही गावं होती. त्यातल्याच एका गावातून माझे बाबा आणि तिचे वडील अमेरिकेत आले. आडनाव एकच. ती सरदाराच्या लग्नाच्या बायकोच्या वंशातली आणि आम्ही लेकावळे. लेकावळा म्हणजे सरदारानं घरात ठेवलेल्या बाईचा मुलगा, मग त्या मुलाचा मुलगा, मग त्याचा, असं करत करत पार माझ्यापर्यंत. पाचशे वर्षांत ह्या शब्दाची मुदत संपलेली नाही. दुधाच्या कॅनवरसुद्धा तारीख असते.

गावात दसऱ्याला मोठ्या घरचे लोक ओसरीवर बसून सोनं घ्यायचे आणि आमचे लोक पायरीखाली उभे राहून द्यायचे. हे बाबांनी पाहिलंय, मी नाही. मी नऊ वर्षांची असताना आम्ही इथे एडिसनला आलो. इथे पायरी नाही. तिचे वडील, म्हणजे मोठे काका, हार्टचे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत. गणपतीला ते बाबांना अगत्यानं बोलावतात, स्वतः वाढतात, आणि पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणतात, "हे आमच्या गावचे." वीस वर्षं ऐकतेय. आमचे भाऊ, आमच्या भावकीतले, असलं काही चुकूनसुद्धा तोंडातून आलेलं नाही. बाबाही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात. ती आणि मी चुलत बहिणी आहोत हे आम्ही दोघींनीच ठरवलं, रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, एका चिप्सच्या पाकिटावर.

आता माझ्याबद्दल. मी गोदामांत काम करणाऱ्यांची युनियन बांधायचं काम करते आणि उरलेल्या वेळात जातीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध पत्रकं लिहिते. आपल्याच लोकांच्या समारंभाच्या हॉलबाहेर थंडीत उभी राहून मी जिलेबी खाऊन बाहेर पडणाऱ्यांच्या हातात कागद कोंबलेत. जन्मावरून माणसाची किंमत करू नका, असं त्यात लिहिलेलं असतं. ते मनापासून लिहिते. आणि घरी येऊन अंथरुणावर पडले की त्या सरदारावर आपलाही हक्क लागावा म्हणून तळमळते. हे दोन्ही एका डोक्यात कसं राहतं असं विचाराल, तर दाटीवाटीनं राहतं.

मागच्या वसंतात काकांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी त्यांनी घरी जेवण ठेवलं आणि जेवणाआधी हेळव्याचा व्हिडिओ कॉल. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. सांगली-कोल्हापूरकडे ही माणसं दोन-तीन वर्षांतून एकदा दारात येतात, पूर्वी बैल घेऊन यायची, आता मोटारसायकलवरून. वही उघडायची, पहिल्या पुरुषापासून आजच्या पोरापर्यंत सगळी नावं एका सुरात वाचायची, नव्यानं जन्मलेल्यांची लिहून घ्यायची, शिधा घ्यायचा आणि पुढचं घर गाठायचं. काकांचा हेळवी पिढीजात होता. त्याच्या आज्यानं काकांच्या आजोबांना वाचून दाखवलेलं होतं.

बोलावणं फोनवर आलं तेव्हा बाबा भांडी पुसत होते. फोन ठेवून ते मला म्हणाले, "त्यात माझं नाव येईल का गं?"

मी म्हटलं, "तुम्हाला कशाला हवंय त्यांच्या वहीत नाव?"

"सहज विचारलं."

सहज विचारलेला माणूस पुढच्या दोन आठवड्यांत तीनदा विचारतो का? बाबांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. औषधांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून वीस वर्षं काढली, पण साधी शिफ्ट बदलून मागितली नाही. आणि हा माणूस शनिवारी घालायचा शर्ट बुधवारीच इस्त्री करून दाराला टांगून ठेवतो. तो शर्ट येता-जाता बघून माझं डोकं फिरलं. नाव येणार नाही हे मला ठाऊक होतं. मोठ्या घरानं आम्हाला त्या वहीतून कापलेलं असणार, दुसरं काय. मग मी जे मला येतं ते केलं. पत्रक काढलं.

दारूगोळा माझ्याकडे आधीपासून होता. काकांच्या दिवाणखान्यात एका जुन्या मोडी कागदाची प्रत चौकटीत लावलेली आहे. तो वाचता येणारं त्या घरात कुणी नाही. दिवाळीला मी बहिणीला म्हटलं, "ये ना, सेल्फी काढू." आणि दोघींच्या डोक्यांच्या मधोमध तो कागद येईल असा फोटो काढला. पुण्यातल्या माझ्या एका मोडी जाणणाऱ्या मैत्रिणीनं तो वाचून पाठवला. त्यात असं होतं की मोठ्या घराच्या एका पिढीत मुलगा झाला नाही म्हणून दुसऱ्या कुळातला मुलगा दत्तक घेतला आणि सगळी वतनदारी त्याच्या नावानं झाली. म्हणजे बघा. मोठं घर त्या परक्या मुलाचं. सरदाराचं रक्त त्यांच्यात टिपूसभर नाही. आणि आम्ही पायरीखालचे, ठेवलेल्या बाईचे, आमच्यात मात्र ते थेट वाहत आलेलं.

मी त्या दिवशी ऑफिसात अक्षरशः उठून एक फेरी मारली. इतका आनंद मला एकाही गोदामातली निवडणूक जिंकून झालेला नाही.

पत्रकाचं नाव होतं 'सरदाराचं रक्त कुणाच्या अंगात?' एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, कारण काकांकडच्या पोरांना मराठी वाचता येत नाही. ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात चाळीस प्रती काढल्या. दुकानदारानं मथळा वाचून विचारलं, "नाटक आहे का? तिकीट किती?" मी म्हटलं, "फुकट आहे."

शनिवारी आई हॉस्पिटलात ड्युटीवर होती, म्हणून बाबा आणि मी दोघंच गेलो. बाबांना दारात सोडून मी सरळ डायनिंग हॉलमध्ये घुसले. ताटं मांडलेली होती. प्रत्येक ताटाखाली मी एकेक कागद असा सरकवला की मथळा दिसेल.

लोक हेळव्याच्या वाचनासाठी जमायला लागले आणि कागद आधी काकूंच्याच हाती लागला. त्यांनी चष्मा लावला. सावकाश, बोट ठेवून वाचलं. मी भिंतीला टेकून बघत होते. तोंडाचा रंग कधी उतरतो त्याची वाट.

"अगं," काकू म्हणाल्या, "दत्तकच होते ते. मांडीवर घेतलं, होम झाला, सगळं रीतसर. मला सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहितीय. तुला आत्ता कळलं होय?"

काका कागद हातात घेऊन हसत होते. "मोडी कुणी वाचलं? चांगलं वाचलंय. मला त्यातला एक शब्द कधी लागत नव्हता." खरंच त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, कामाचा म्हणून.

माझी बहीण पत्रक उलटून इंग्रजी बाजू वाचत होती. "यार, ले-आउट मस्त केलास. आमच्या टीमला असं कुणीतरी पाहिजे."

मी म्हटलं, "पण रक्त तर आमच्याकडे आहे."

बोलले आणि खोलीत माझाच आवाज मला ऐकू आला. काकू चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाळा, रक्ताचं तू कधीपासून मानायला लागलीस? मागच्या गुढीपाडव्याला हॉलबाहेर मला जो कागद दिलास त्यात तर उलटं होतं." कुणीतरी खुदकन हसलं. काकूंच्या बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता, तेच जास्त झोंबलं. त्यांना खरोखर प्रश्न पडला होता.

बाबांनीही एक पत्रक वाचलं. मराठी बाजू, मग इंग्रजी बाजू. मग ते ताटाखाली होतं तसं परत ठेवून दिलं.

तेवढ्यात मोठ्या टीव्हीवर हेळवी आला. तिकडे रात्र झालेली. पांढरा फेटा, मागे पत्र्याची भिंत, पुढ्यात लांबट आकाराची जुनी वही. त्यानं आधी सगळ्यांना राम राम केला, काकांना सरकार म्हटलं, आणि वाचायला लागला. मी ठरवून आले होते की ह्या प्रकाराला हसायचं. पण तो वाचताना श्वास कुठे घेत होता ते कळत नव्हतं. सरदार, त्याचा मुलगा, त्याचे दोन मुलगे, एक लढाईत पडला, एकाचं पुढे चाललं. प्रत्येक बाईचं माहेरचं गाव. दत्तकाची जागा आली तेव्हा त्यानं तेही त्याच सुरात वाचलं, अडखळला नाही. अशी नावं येत येत काकांपर्यंत आली, काकांच्या मुलापर्यंत, नातवापर्यंत. नातवाचं नाव ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी वीस वर्षं शोधतेय: आपण कुठून आलो ह्याची काळजी नसणं. तिला त्यातली दहा नावंही परत सांगता आली नसती. माझी पाठ झाली असती एका वाचनात.

काका रिमोट घ्यायला उठले आणि बाबांनी घसा साफ केला.

"डॉक्टरसाहेब, एक मिनिट. आमची फांदी आहे का, तेवढं विचारायचं होतं."

मी बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. नाही म्हणू दे त्याला, मग बघते, असं माझ्या मनात. भाषण तयार होतं.

हेळव्यानं गाव, वाडी, आजोबांचं नाव विचारलं आणि वही उलट्या बाजूनं चाळायला लागला. "आहे की," तो म्हणाला. "नसायला काय झालं? पान राखलंय तुमचं. पण तुमच्या आज्यानं माझ्या आज्याला दारातनं माघारी पाठवला. तवापासून कोरं आहे."

"आमच्या आजोबांनी?" बाबा म्हणाले.

"व्हय. वाचायचं नाही म्हणाले. चारचौघांत सुरुवातीचा शब्द ऐकायला लागतो ना, लेकावळा म्हणून. नको म्हणाले. आमच्यात रीत अशी, बोलावल्याशिवाय वाचायचं नाही, वाचल्याशिवाय लिहायचं नाही."

म्हणजे आम्हाला कुणी कापलेलंच नव्हतं. माझं भाषण तोंडातल्या तोंडात राहिलं. इतकी वर्षं ज्यांच्यावर दात ओठ खाल्ले ते लोक समोर सोफ्यावर बसून माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होते, आणि दार लावणारा माणूस आमच्याच घरातला निघाला. मला त्याचाही राग आला नाही, कारण त्याच्या जागी मीही लावलं असतं.

काका चांगल्या मनानं म्हणाले, "अहो, तो शब्द काढून टाका आता. अमेरिकेत कशाला? सरळ पुढची नावं घ्या."

"काढता येत नाही, सरकार. पुढचं सगळं त्याला लागून आहे."

मी बाबांना हळूच म्हटलं, "नको, बाबा. बंद करू या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "वाचा. आजोबांनी ऐकलं नाही, मी ऐकतो."

आणि त्यानं वाचलं. पंचवीस-तीस माणसांत, पहिल्या वाक्यात तो शब्द आला आणि गेला. पुढे नावं. आमची नावं. शेवटचं सोडलं तर त्यातलं एकही मी कधी ऐकलेलं नव्हतं. एक जण होडी चालवायचा, एक जण विहिरी खोदायचा, एकाला तीन बायका. मोठ्या घराच्या नावांच्या मागे पदं होती, आमच्या नावांच्या मागे कामं. बाबा शर्टाच्या बाह्या ओढत, मान थोडी वाकवून ऐकत होते, डॉक्टर रिपोर्ट सांगत असावा तसं. यादी दार लावणाऱ्या आजोबांपाशी थांबली. मग हेळव्यानं पेन घेतलं आणि बाबांनी पुढची नावं सांगितली. आधी स्वतःच्या वडिलांचं. मग स्वतःचं. हेळव्यानं ते लिहून परत वाचून दाखवलं आणि बाबा "हो, बरोबर" म्हणाले. त्यांचा आवाज जरा वर गेला होता.

"मुलं?"

"एक मुलगी."

"मुलगी एक," हेळव्यानं म्हणत लिहिलं आणि रेघ ओढली.

मी वाट बघितली. एवढंच होतं.

माझी बहीण आधी बोलली. "वेट. नाव नाही लिहीत मुलीचं? म्हणजे मघाशी माझं नाव होतं की नव्हतं?"

"ताई, मुलीचं नाव सासरच्या हेळव्याकडं जातं. इथं आकडा."

"मला सासरच नाहीये," ती म्हणाली.

आणि मग काका उठून टीव्हीजवळ गेले. शांत बोलणारा माणूस, पण त्यांनी सोडलं नाही. हिचं नाव लिहा. रीत असेल, लिहा. माझ्या वडिलांनी तुमच्या वडिलांना कधी माघारी पाठवलं नाही, माझं एवढं ऐका. हिनं माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर नोकरी सोडून माझी शुश्रूषा केली, मुलगा आला नव्हता. लिहा. मुलगा तिथेच बसलेला होता, तो खाली बघायला लागला. हेळवी डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "पेन्सिलीनं लिहितो, सरकार. समासात."

"पेन्सिलीनं लिहा."

त्यानं लिहिलं. वही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. बहिणीनं त्याचा फोटो काढला. मी बाबांकडे पाहिलं. आता ते बोलतील. दार उघडलेलं आहे, एक नाव आत गेलंय, दुसऱ्याला कितीसा वेळ लागतो? बाबांनी हेळव्याला हात जोडले, "आभारी आहे," म्हणाले, आणि कॉल संपला.

जेवण चांगलं होतं म्हणतात. ताटाखालचा माझा कागद मला प्रत्येक घासाला दिसत होता.

परतताना गाडी मी चालवत होते. दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या हायवेवर नेहमीचा ट्रॅफिक. बाबा खुशीत होते. विहिरी खोदणारा तो कुठल्या विहिरीचा असेल ह्याचा अंदाज करत होते, एक विहीर त्यांच्या लहानपणी शाळेमागे होती म्हणे. मी बराच वेळ हं-हं केलं. मॉरिसटाउनच्या पुढे आल्यावर विचारलं, "तुम्ही माझं नाव लिहायला का नाही सांगितलं?"

बाबांना खरोखर आश्चर्य वाटलं. "तुला हवं होतं?"

मी आरसा नीट केला.

"मला वाटलं तू चिडशील," ते म्हणाले. "तुझे सगळे कागद मी वाचतो. तुझं ह्या गोष्टींबद्दल मत आहे. तुला न विचारता तुझं नाव असल्या वहीत घालायचं, तेही सगळ्यांसमोर... मला बरं नाही वाटलं." मग म्हणाले, "तिचं लिहिलं तेव्हा मी बघत होतो तुझ्याकडे. तू टीव्हीकडे बघत होतीस."

म्हणजे बाबांनी मला मान दिला होता. माझ्या मताला. माझ्या बहिणीच्या वडिलांना तिचं मत ठाऊक नसेल, त्यांनी विचारलंही नाही, ते नुसते उठून भांडले. आणि मला ते भांडण हवं होतं. सरदार नको, चौदा पिढ्या नकोत, कुणीतरी टीव्हीसमोर उभं राहून माझ्यासाठी हट्ट धरायला हवा होता. तिच्यासाठी धरला गेला. समासात, पेन्सिलीनं, खोडता येईल असं का होईना, ती आहे. मी एक आकडा आहे.

"हवं होतं," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "मग मी त्याला फोन करतो."

"आता नको. आता मी सांगितल्यावर काय उपयोग."

बाबांना हे कळलं नाही. मीही समजावलं नाही. ते परत विहिरीबद्दल बोलायला लागले आणि मी लेन बदलली.